चाक बसलं, पण फिरेना!

जुन्या गाडीला नवे डिस्क ब्रेक लावायचा विचार चाललाय? मग आधी रिमच्या आत जागा किती आहे ते मोजा. आमच्या घरच्या पद्मिनीनं शिकवलेला हा धडा, आम्हाला जरा महागच पडलेला.

तुमच्या फीडवर हे रील एकदा तरी येऊन गेलं असेल. गंजलेली जुनी गाडी, तीस सेकंदांत पत्रा घासला जातो, रंग लागतो, चाकांच्या आतून लालभडक कॅलिपर चमकतात आणि गाडी झोकात गेटबाहेर पडते. खाली हजारो लाइक. पण त्या तीस सेकंदांत एक गोष्ट कधीच दिसत नाही. नवे ब्रेक बसवून झाल्यावर जुनं चाक चढवायला घेतलं आणि ते कॅलिपरवर अडकलं, हा प्रसंग. तो आम्ही आमच्या अंगणात पाहिलाय.

आमच्याकडे १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे. आजोबांनी घेतलेली, बाबांनी सांभाळलेली आणि आता माझ्या लायसन्सवरही अधूनमधून फिरणारी. पद्मिनी म्हटलं की तुम्हाला मुंबईची काळीपिवळी टॅक्सी आठवेल. मूळ घराणं इटलीच्या फियाट ११०० चं, गाडी बनायची मुंबईत कुर्ल्याला, इंजिन १०८९ सीसीचं आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ. चितोडच्या राणी पद्मिनीचं नाव तिला १९७४ मध्ये मिळालं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी स्टेटस ठेवले होते. आमच्या घरी मात्र ती अजून रोज सकाळी सुरू होते.

आणि तिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. होते, असं म्हणायला हवं.

पसरणी घाटातली संध्याकाळ

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही पाचगणीहून वाईला उतरत होतो. गाडीत आई, बाबा, आजी, मी आणि डिकीत स्ट्रॉबेरीच्या पेट्या. पसरणी घाट तुम्ही पाहिला असेल तर माहीत असेल, वळणावर वळण आणि सलग उतार. अर्ध्यावर आलो आणि गाडीत जळका वास यायला लागला. बाबांनी पेडल दाबलं तर ते नेहमीपेक्षा बरंच खाली गेलं. पुढच्या वळणाला आणखी खाली. बाबा काही बोलले नाहीत. गिअर खाली टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि एका रुंद जागी गाडी थांबवली. उतरल्यावर पाहिलं तर त्यांच्या शर्टाची पाठ घामानं भिजली होती. डिसेंबरात!

याला ब्रेक फेड म्हणतात. ड्रम ब्रेकमध्ये एक लोखंडी डबा चाकाबरोबर फिरत असतो आणि आतल्या दोन अर्धगोल शूज बाहेरच्या बाजूला दाबल्या जाऊन त्याला घासतात. घासण्यातून उष्णता होते, पण ती डब्यातच कोंडून राहते. ड्रम तापला की प्रसरण पावतो, म्हणजे शूजपासून लांब जातो आणि त्यामुळे पेडल जास्त दाबावं लागतं. लायनर तापले की त्यांची पकडही कमी होते.

डिस्क ब्रेकमध्ये एक उघडी चकती फिरते आणि कॅलिपर नावाचा चिमटा दोन्ही बाजूंनी तिला पॅडमध्ये पकडतो. चकतीला सतत वारा लागतो, त्यामुळे ती लवकर थंड होते. पाणी लागलं तरी ते फेकलं जातं. ही कल्पना काही नवी नाही. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरनं १९०२ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. १९५३ मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार सी-टाइप डिस्क ब्रेक घेऊन उतरली आणि जिंकली. त्यानंतर डिस्क रस्त्यावरच्या गाड्यांत येत गेल्या.

थोडक्यात काय, घरी आल्यावर जेवणाच्या ताटावरच ठराव पास झाला: पुढच्या दोन चाकांना डिस्क बसवायच्या.

गॅरेजमधला पहिला दिवस

ओळखीतून एक गॅरेज मिळालं. भंगारात निघालेल्या एका छोट्या हॅचबॅकच्या डिस्क आणि कॅलिपर आणले. जाड पट्टीचे ब्रॅकेट कापून ते आमच्या गाडीला बसवले. संध्याकाळी फोन आला, ‘‘या, काम झालंय.’’ बाबा आणि मी हौसेनं गेलो. दोन्ही डिस्क चकाचक. आता फक्त चाक चढवायचं राहिलं होतं.

चाक चढलं, बोल्ट आवळले, पण चाक जागचं हलेना. जोर लावून फिरवलं तर आतून ‘खर्रर्र’ असा दातावर दात घासल्यासारखा आवाज. रिम आतल्या बाजूनं थेट कॅलिपरवर टेकली होती.

मग दोन उपाय सुचवले गेले. पहिला, ‘‘कॅलिपर थोडा ग्राइंड करून देतो, दोन एमएम तर घासायचाय.’’ दुसरा, ‘‘मध्ये पॅकिंग टाकतो.’’ पॅकिंग म्हणजे हब आणि रिम यांच्यामध्ये घालायची अॅल्युमिनियमची जाड चकती, जिला नेटवर स्पेसर म्हणतात. बाबांनी ग्राइंडरला नाही म्हटलं, हे आमचं नशीब. दहा मिलिमीटरचं पॅकिंग घातलं आणि चाक फिरलं. आम्ही पैसे दिले, पेढे वाटले आणि विषय संपला असं समजलो.

कासला निघालो आणि...

सप्टेंबरात माझ्या वर्गातल्या तिघी साताऱ्याला आल्या होत्या. कासची फुलं बघायची होती आणि पद्मिनीतून जायचं म्हणजे फोटो तर भारीच येणार! गाडी मी चालवत होते. आधीपासून एक गोष्ट खटकत होती. गाडीत चौघं बसलो की खड्ड्यात पुढचा टायर मडगार्डच्या कडेला घासायचा. ‘जुनी गाडी आहे, चालायचंच’ असं म्हणून मी सोडून दिलं होतं.

यवतेश्वरचा घाट चढताना डावीकडून ‘टक, टक, टक’ ऐकू यायला लागलं. वेग वाढवला की टकटकही वाढायची. स्टिअरिंग हातात किंचित थरथरत होतं. मागे गाणी चालू होती. मी ती बंद करायला लावली, काच खाली केली, ऐकलं आणि गाडी कडेला घेतली. उतरून चाकाची कॅप काढली. एक बोल्ट गायब होता. उरलेले मी हातानं फिरवू शकत होते. हातानं! एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी. आणखी दोन-तीन किलोमीटर गेलो असतो तर काय झालं असतं, हे मी त्या तिघींना त्या दिवशी सांगितलं नाही. आज त्या हे वाचतील तेव्हा त्यांना कळेल.

सॉरी गं.

चाचांचा वर्ग

गाडी टोचन करून आणली ती दुसऱ्या मेकॅनिककडे. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. तरुणपणी मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजमध्ये काम केलेले, त्यामुळे पद्मिनीचा कुठला नट कुठे जातो ते डोळे मिटून सांगतील. त्यांनी चाक काढलं, पॅकिंग हातात घेतलं, बोल्ट शेजारी धरला आणि मला विचारलं, ‘‘पोरी, मास कम्युनिकेशन करतेस ना? मग गणित येतं का?’’

गणित असं होतं. बोल्टच्या आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, दीड मिलिमीटर. म्हणजे एक पूर्ण वळसा फिरवला की बोल्ट दीड मिलिमीटर आत जातो. बारा मिलिमीटर जाडीच्या बोल्टचे किमान बारा मिलिमीटर आटे, म्हणजे आठ वळसे, पकडले गेले पाहिजेत. बोल्टच्या जाडीएवढी पकड हा साधा ठोकताळा आहे. आमचे बोल्ट नऊ वळसे पकडत होते. मध्ये दहा मिलिमीटरचं पॅकिंग आलं आणि बोल्ट मात्र तेच राहिले. दहा भागिले दीड, म्हणजे जवळजवळ पावणेसात वळसे गेले. उरले दोन आणि वर थोडंसं. एवढ्या पकडीवर मी चार जणींना घेऊन घाट चढत होते.

म्हणजे पॅकिंग घालणं नेहमीच चूक असतं का? तसं नाही. नीट मशीनवर बनवलेला, हबच्या मधल्या उंचवट्यावर घट्ट बसणारा स्पेसर आणि त्याच्या मापानं लांब बोल्ट किंवा स्टड असतील तर ते काम चालतं. पण त्यानं चाक बाहेर सरकतं, बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि स्टिअरिंगचा स्वभाव बदलतो. आणि मडगार्डला घासणारा तो टायर? त्याचंही उत्तर इथेच होतं. नव्या डिस्कचा मधला भाग हब आणि रिमच्या मध्ये येतो. त्याची जाडी सहा मिलिमीटर आणि पॅकिंग दहा. दोन्ही मिळून प्रत्येक चाक सोळा मिलिमीटर बाहेर आलं होतं. म्हणजे आत कॅलिपरला जागा नाही म्हणून चाक बाहेर ढकललं, तर ते बाहेर मडगार्डला लागलं. इकडे आड, तिकडे विहीर.

जागा नेमकी कुठे कमी पडते?

हे समजून घ्या. गाडी कुठलीही असो, नियम तोच आहे.

ड्रम गोल, बुटका आणि सगळीकडून सारखा असतो. जुनी रिम त्या आकाराभोवतीच बेतलेली असते. कॅलिपर तसा नसतो. तो चकतीच्या कडेवरून पुलासारखा वर येतो आणि बाहेरच्या बाजूलाही फुगलेला असतो. त्यामुळे तो रिमला दोन ठिकाणी लागू शकतो.

पहिली जागा म्हणजे वरची. कॅलिपरचा पूल आणि रिमचं आतलं नळकांडं यांच्यामधली. इथे बरेच जण फसतात, कारण ‘१४ इंची रिम’ म्हणजे आत १४ इंच जागा नसते. १४ इंच, म्हणजे सुमारे ३५६ मिलिमीटर, हा टायरची कड जिथे बसते तिथला व्यास. टायर चढवता यावा म्हणून रिमच्या मध्ये एक खोल घळ असते आणि तिथे आतली जागा आणखी कमी होते. समजा, तिथे आतला व्यास ३२० मिलिमीटर भरला. तुमची चकती २५६ ची आणि कॅलिपर तिच्या कडेवरून ३० मिलिमीटर वर येतो. मग मध्यापासून कॅलिपरचं टोक १२८ अधिक ३०, म्हणजे १५८ मिलिमीटरवर. रिम १६० वर. उरले फक्त दोन मिलिमीटर.

दुसरी जागा म्हणजे समोरची. कॅलिपरचं बाहेरचं तोंड आणि रिमचा मधला पत्रा किंवा अलॉयचे आरे यांच्यामधली. इथे ऑफसेट हा शब्द वारंवार कानावर पडतो. रिमच्या रुंदीचा मध्य आणि ती हबला टेकते ती पाठ यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. पण गंमत अशी की दोन रिम्सचा व्यास, रुंदी आणि ऑफसेट अगदी सारखे असूनही एक बसते आणि दुसरी अडकते. कारण आरे हबपासून सरळ निघतात की आधी बाहेर झुकून मग वळतात, हे त्या आकड्यांत येतच नाही. म्हणून दुकानदार ‘साइज सेम आहे, बसेल’ म्हणाला तरी एक रिम प्रत्यक्ष लावून बघितल्याशिवाय चारांचे पैसे देऊ नका.

आणि हा त्रास फक्त आपल्याकडच्या जुगाडाचा नाही बरं का. अमेरिकेत १९६५ च्या फोर्ड मस्टँगला पुढच्या डिस्क ब्रेकचा पर्याय कंपनीनंच दिला होता. तरीही आज ड्रमवाल्या मस्टँगला डिस्क बसवणाऱ्यांना हाच प्रश्न येतो. ड्रमसाठी केलेल्या १४ इंची पत्र्याच्या रिम्स सहसा कॅलिपरवर अडकतात, डिस्कसाठी केलेल्या १४ इंची चालतात. वरून पाहिलं तर दोन्ही १४ इंचीच!

मग उपाय काय?

चाचांनी आमच्यापुढे चार पर्याय ठेवले. तुमच्यापुढेही साधारण हेच असतील.

एक, रिम बदला. डिस्कसाठी बनलेली, तुमच्या गाडीच्या बोल्टच्या वर्तुळाला, म्हणजे पीसीडीला, जुळणारी रिम शोधा. मधलं भोकही हबला जुळायला हवं.

दोन, एक इंच मोठी रिम घ्या. आत जागा वाढते, पण टायरचा एकूण व्यास तोच राहायला हवा, नाहीतर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो. आमच्या गाडीला १५५/८० आर १४ टायर होते. त्याचं गणित करून पाहा: १५५ च्या ८० टक्के म्हणजे १२४, वरची आणि खालची बाजू मिळून २४८, अधिक रिमचे ३५५.६, एकूण ६०३.६ मिलिमीटर. १७५/६५ आर १५ चं ६०८.५ येतं. फरक एक टक्क्याच्या आत. पण टायर २० मिलिमीटरनं रुंद झाला, म्हणजे मडगार्डचा प्रश्न पुन्हा आला. एक गाठ सोडवली की दुसरी बसते, ती अशी.

तीन, डिस्क आणि कॅलिपर लहान घ्या. ब्रेकची ताकद थोडी कमी होते, कारण पॅड मध्यापासून जेवढं लांब तेवढा जोर जास्त. पण पद्मिनीसारख्या साधारण नऊशे किलोच्या गाडीला प्रचंड मोठ्या चकतीची गरज नसते.

चार, योग्य स्पेसर आणि लांब बोल्ट. तोही शक्य तितका पातळ आणि शेवटचा पर्याय म्हणूनच.

आणि कॅलिपर घासायचा पर्याय? तो चाचांनी मोजलाच नाही. मी विचारलं तर म्हणाले, ‘‘ब्रेक दाबला की कॅलिपर उघडायला बघतो, त्याला धरून ठेवतो तो हा वरचा पूल. तोच पातळ केलास तर उरलं काय?’’

आमच्या आजोबांची एकच अट होती, रिम आणि त्यावरच्या चकचकीत कॅप मूळच्याच राहिल्या पाहिजेत. त्यामुळे आम्ही तिसरा पर्याय घेतला. २३६ मिलिमीटरची चकती, आटोपशीर कॅलिपर आणि लेथवर नीट माप घेऊन केलेले नवे ब्रॅकेट. मोठी चकती गेल्यानं जोर साधारण दहा टक्क्यांनी कमी झाला, पण पॅकिंग निघालं. आता वर चार आणि समोर पाच मिलिमीटर मोकळी जागा आहे. डिस्कच्या मधल्या भागाच्या जाडीला पुरतील एवढे लांब बोल्ट घातले. टायर मडगार्डला घासायचा थांबला.

आणखी एक काम होतं, जे पहिल्या गॅरेजमध्ये कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. ड्रमसाठीचा मास्टर सिलिंडर डिस्कला चालेलच असं नाही. ड्रमच्या लाइनमध्ये पाय काढल्यावरही थोडा दाब मुद्दाम धरून ठेवलेला असतो. तोच दाब डिस्कला मिळाला तर पॅड कायम चकतीला चिकटून राहतात आणि ब्रेक तापतात. शिवाय पुढचे ब्रेक बदलले की पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाणही बदलतं. म्हणून सिलिंडर बदलला आणि रस्त्यावर नेण्याआधी मोकळ्या मैदानात आधी वीसच्या, मग तीसच्या, मग चाळीसच्या वेगानं गाडी थांबवून पाहिली.

चाक चढवण्याआधीची अर्धा तास

तुमची गाडी असो, मामाची असो, नाहीतर मित्राची, हे स्वतः करून बघता येतं. मोबाइलवर चेकलिस्ट म्हणून सेव्ह करा.

• पुठ्ठ्याचा साचा करा. कॅलिपर बसवण्याआधी त्याचा आडवा छेद जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर कापा आणि तो रिमच्या आत फिरवून बघा. पुठ्ठा अडकला तर लोखंडही अडकणार. हे सगळं खरेदीच्या आधी करा!

• कॅलिपरच्या सगळ्यात उंच जागी लहान मुलांची क्ले लावा. चाक चढवा, हातानं एक फेरा फिरवा, चाक काढा. क्ले किती दबली ते मोजा. किमान तीन मिलिमीटर उरली पाहिजे. वळणावर रिम किंचित वाकते, बेअरिंगमध्ये थोडी ढिलाई असते, धातू तापून फुगतो आणि पावसाळ्यात चिखल, खडी आत शिरते. ते तीन मिलिमीटर या सगळ्यासाठी आहेत.

• माप नवे पॅड घालूनच घ्या. सरकत्या कॅलिपरमध्ये पॅड झिजत जातात तसा कॅलिपर आतल्या बाजूला सरकतो आणि रिमपासून लांब जातो. जुन्या पॅडवर बसलेलं चाक नवे पॅड टाकल्यावर अडकू शकतं.

• बॅलन्सिंगची वजनं बघा. रिमच्या आत चिकटवलेली शिशाची पट्टी नेमकी कॅलिपरच्या पुलावर येऊन आदळू शकते. टायरवाल्याला आधीच सांगा.

• स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. एकदा गाडी जॅकवर असताना आणि एकदा गाडीत माणसं बसवून. ब्रेकचा होज पाइप कुठे ताणला जात नाही ना, टायर कुठे घासत नाही ना, ते बघा.

• बोल्ट किती वळसे पकडतो ते मोजा. बारा मिलिमीटरच्या, दीड पिचच्या बोल्टला आठ वळसे हे किमान धरा. पन्नास-शंभर किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघा.

• नवा आवाज आला की गाणी बंद करा आणि गाडी थांबवा. ‘जुनी गाडी आहे, चालायचंच’ हे वाक्य विसरा.

कागदपत्रांचंही बघा

हा भाग रीलमध्ये कधीच नसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, निर्मात्यानं ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात असलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. म्हणून कुठलंही काम काढण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर हे कळणं सगळ्यात वाईट.

दुसरी गोष्ट व्हिंटेज नोंदणीची. २०२१ मध्ये आलेल्या केंद्रीय नियमांनुसार, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरप्लेट मिळू शकते. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. आमची पद्मिनी २०२८ मध्ये पन्नाशी गाठेल. म्हणून चाचांनी एकही मूळ भाग कापला नाही की वेल्ड केला नाही, सगळं बोल्टवर उघडणारं ठेवलं. जुने ड्रम, शूज आणि मास्टर सिलिंडर ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलेत. उद्या मूळ रूप हवं झालं तर दोन दिवसांत परत बसतील.

आणि एक कबुली

काम संपल्यावर चाचांनी बाबांना एक प्रश्न विचारला होता. ‘‘साहेब, त्या दिवशी घाटात कुठल्या गिअरमध्ये उतरत होता?’’ बाबा जरा थांबले आणि म्हणाले, ‘‘टॉपमध्ये.’’ ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं होतं, तेही आठवेना. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि तसं जुनं ऑइल लवकर उकळतं. म्हणजे खालचा गिअर आणि ताजं ऑइल असतं तर जुन्या ड्रमनींही आम्हाला वाईपर्यंत सुखरूप आणलं असतं, अशी चांगलीच शक्यता होती.

मग डिस्क बसवल्याचा पश्चात्ताप होतो का? नाही. पावसात पेडलवर पाय ठेवल्यावर जो भरवसा वाटतो तो आता वेगळाच आहे. पण क्रम चुकला होता. आधी आहे ते नीट सांभाळायचं, मग मोजायचं, मग विकत घ्यायचं आणि बसवायचं सगळ्यात शेवटी. आम्ही नेमकं उलट्या टोकापासून सुरू केलं, म्हणून एकाच कामाचे दोनदा पैसे मोजले.

मागच्या महिन्यात त्या तिघींना पुन्हा बोलावलं. कासला जायचं ठरलं. निघण्याआधी मी पुढची दोन्ही चाकं जॅकवर घेऊन हातानं फिरवली आणि कान लावून ऐकलं. एकीनं विचारलं, ‘‘काय ऐकतेयस?’’

‘‘काहीच नाही,’’ मी म्हटलं. आणि खरंच, काहीच ऐकू येत नव्हतं. मग पाना घेतला, बोल्ट पुन्हा एकदा आवळले आणि आम्ही निघालो. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये!